जांबवंताचा उपचार : जामसावळीचा मारुती आणि मानसोपचाराचा एक प्रवाह

नागपूरच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायऱ्या जेथे सुरू होतात, तेथे पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. संत्र्यांच्या बागा आणि घरोघरी बोलली जाणारी वऱ्हाडी वळणाची मराठी ही या भागाची ओळख होय. 1956 साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा नागपूर व वऱ्हाडचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्ह्यातील हे दोन तालुके मात्र मध्यप्रदेशातच राहिले. 2023 साली या दोहोंचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. कचेरीची भाषा हिंदी आणि चुलीजवळची मराठी, असा येथील व्यवहार आहे. ही साधी गोष्ट आमच्या विषयाशी कशी निगडित आहे, ते पुढे दिसून येईल.

याच सौसर तालुक्यात जामसावळी येथे मारुतीचे प्रसिद्ध देवस्थान आहे. मारुती म्हटला म्हणजे गदा पेललेला, उड्डाणास सज्ज असा देव आपल्या डोळ्यांपुढे येतो. येथील मारुती मात्र पिंपळाच्या छायेत निजलेला आहे. मूर्ती पूर्वी उभी होती, तिच्याखालचे गुप्तधन काढण्यास काही लोक आले तेव्हा देवाने आडवे होऊन ते झाकले, अशी एक आख्यायिका सांगतात. मूर्तीच्या नाभीपाशी पाझरणारे पाणी भाविक तीर्थ म्हणून घेतात. 2023 साली येथे ‘हनुमान लोक’ या नावाच्या मोठ्या विस्तारकार्याचे भूमिपूजन झाले. परंतु दूरदूरच्या गावांतून या स्थानाची जी ख्याती आहे, ती मनाच्या व्याधींनी पीडित झालेल्यांचे आश्रयस्थान म्हणून. ज्यांची झोप उडाली आहे, ज्यांना नसलेले आवाज ऐकू येतात, जे अकारण रडतात किंवा कोणाशी बोलेनासे झाले आहेत, अशांना घरची माणसे येथे घेऊन येतात, तीर्थ देतात, आरतीस बसवितात आणि कित्येकदा मुक्कामास राहतात.

तीर्थाने रोग बरा होतो की नाही, हा वाद आम्ही येथे उपस्थित करू इच्छीत नाही. श्रद्धा हा ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा विषय आहे. आमच्यापुढील प्रश्न निराळा आहे. दुःखी मनाचा मनुष्य देवळाच्या ओवरीत येऊन बसतो तेव्हा त्याला काय मिळते, काय मिळावयास हवे, आणि विसाव्या शतकात मानसोपचाराच्या ज्या प्रवाहास ‘अस्तित्ववादी’ व ‘मानवतावादी’ अशी नावे मिळाली, त्याने या बाबतीत जगाला काय शिकविले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जामसावळीच्या देवाचीच एक कथा आमच्या साहाय्यास येते.

किष्किंधाकांडाच्या शेवटी वानरसेना समुद्रतीरी हताश होऊन बसली आहे. कोण किती योजने उडी मारू शकतो याची मोजदाद चालली आहे. अंगद म्हणतो, जाईन, पण परत येण्याची खात्री नाही. या गलबल्यात हनुमान मात्र एका बाजूस मुका बसलेला आहे. बालपणीच्या खोड्यांमुळे ऋषींनी त्याला शाप दिला होता की, तुला तुझ्या बळाचा विसर पडेल आणि कोणी आठवण करून देईल तेव्हाच ते जागे होईल; ही हकीकत उत्तरकांडात येते. त्या मुक्या हनुमंताजवळ वृद्ध जांबवंत जातो आणि प्रथम त्याला विचारतो, तू असा एकटा गप्प का? मग तो त्याला त्याचीच जन्मकथा सांगतो: आई अंजनी, पिता वायू, सूर्याकडे घेतलेली झेप, इंद्राच्या वज्राचा घाव. ते ऐकता ऐकता हनुमंताचे शरीर वाढू लागते, आणि पुढे काय झाले हे लहान मुलांसही ठाऊक आहे.

या प्रसंगाकडे उपचाराच्या दृष्टीने पाहिले असता काही गोष्टी ध्यानात येतात. जांबवंताने हनुमंतास औषध दिले नाही. ‘भित्रा आहेस’ म्हणून त्याची निर्भर्त्सना केली नाही, किंवा अंगदाशी त्याची तुलनाही केली नाही. सर्वांच्या कोलाहलात जो गप्प होता त्याच्याकडे त्याचे लक्ष गेले, आणि त्याचा स्वतःचा इतिहास त्याने त्याला परत दिला. जांबवंत स्वतः आता तेवढी उडी मारू शकत नव्हता. वार्धक्यामुळे आपली धाव नव्वद योजनांपर्यंतच उरली आहे, हे त्याने सर्वांसमक्ष सांगून टाकले होते. म्हणजे उपचार करणारा उपचार घेणाऱ्याहून बलिष्ठ असावयास हवा, असे नाही. उडी हनुमंताची, बळ हनुमंताचे, निर्णयही त्याचाच. आपल्या देशातील आधुनिक मनोवैद्यकाचे एक अध्वर्यू, चंदीगडचे डॉ. नरेंद्रनाथ विग (1930–2018), यांनी 2004 साली भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या नियतकालिकात याच कथेवर एक लेख लिहिला. स्वतःच्या सामर्थ्याचा विसर पडणे याला त्यांनी ‘हनुमान-गंड’ असे नाव दिले आणि जांबवंताचे कार्य हा मानसोपचाराचा नमुना म्हणून मांडला.

बळ उपचारकापाशी नसून पीडितापाशीच असते, हा विचार युरोपात ज्याने प्रथम धीटपणे मांडला त्यांपैकी एक मनुष्य आमच्या कोकणी वाचकांच्या घरचाच होता. बारदेशातील कांदोळी येथे 1756 साली जन्मलेला पाद्री जुझे कुस्तोदियु द फारिया, म्हणजेच आबे फारिया, लहानपणीच वडिलांसमवेत पोर्तुगालला गेला, रोममध्ये शिकला आणि पुढे पॅरिसला स्थायिक झाला. त्याच्याविषयी एक गोष्ट परंपरेने सांगतात. लिस्बनच्या राणीपुढे प्रवचनास उभा राहिला असता तरुण फारियाची वाचा बसली. तेव्हा जवळच बसलेले वडील आपल्या भाषेत हळूच म्हणाले, “ही सगळी भाजी, कातर रे भाजी!” परक्या दरबारात आपल्या मातीचा तो शब्द कानी पडताच त्याची भीती गेली आणि जीभ मोकळी झाली. वडिलांनी त्याला प्रवचन सांगितले नाही. ते त्याच्यापाशी होतेच. त्यांनी त्याला तो कोण हे आठवून दिले. जांबवंताचेच हे कोकणी रूप होय.

पुढे 1813 पासून फारियाने पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग केले. त्या काळी मेस्मर या वैद्याच्या अनुयायांचे म्हणणे असे होते की, प्रयोग करणाऱ्याच्या शरीरातून एक अदृश्य चुंबकीय प्रवाह निघतो आणि तो रोग्यास बरे करतो. फारियाने हे मत झुगारून दिले. माझ्यातून काहीच निघत नाही, जे घडते ते समोरच्या माणसाच्या मनात, त्याच्याच कल्पनेने आणि संमतीने घडते, असे त्याचे प्रतिपादन होते. 1819 साली त्याचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी तो निवर्तला. हयातीत त्याची चेष्टाच अधिक झाली. पणजीस जुन्या सचिवालयापाशी 1945 पासून उभा असलेला त्याचा पुतळा पुष्कळांनी पाहिला असेल. पण त्या पुतळ्यामागील विचार मेस्मरच्या गूढ प्रवाहाहून किती साधा आणि किती मोठा होता, हे ध्यानात घेणारे थोडे.

फारियानंतर सुमारे शंभर वर्षांनी युरोपात मानसोपचाराचे शास्त्र चांगलेच रूढ झाले होते. व्हिएन्नाच्या फ्रॉइडने मनुष्याच्या वर्तनामागे दडपलेल्या वासना पाहिल्या, तर अमेरिकेतील वर्तनवाद्यांनी त्यास सवयींचे यंत्र मानले. दोहोंनी ज्ञानात मोलाची भर घातली, यात शंका नाही. तथापि या दोन्ही चित्रांत मनुष्य आपल्या भूतकाळाने किंवा परिस्थितीने ढकलला जाणारा असाच दिसे. स्वतःच्या मृत्यूची जाण असलेला, निवड करणारा, आपल्या जगण्याला अर्थ आहे काय असे विचारणारा मनुष्य त्यात कोठेच नव्हता. स्वित्झर्लंडच्या लुडविग बिन्सवांगर (1881–1966) व मेडार्ड बॉस (1903–1990) या मनोवैद्यांनी ही उणीव ओळखली. रुग्णाच्या रोगाचे नाव काय, याबरोबरच हा मनुष्य कोणत्या जगात राहतो, त्याला काळ कसा वाटतो, माणसे कशी दिसतात, हे ते विचारू लागले. अस्तित्ववादी उपचारपद्धतीचा हा आरंभ होय.

या विचारास सर्वांत कठोर कसोटी लागली ती व्हिक्टर फ्रांकल (1905–1997) या व्हिएन्नाच्या यहुदी वैद्याच्या आयुष्यात. 1942 साली नाझींनी त्याला पकडले. 1945 साली सुटका होईपर्यंत तो आउशविट्‌झसह अनेक छळछावण्यांत राहिला. आई-वडील, भाऊ आणि पत्नी यांस तो मुकला. 1946 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अनुभवग्रंथाचे ‘अर्थाच्या शोधात’ या नावाने मराठीतही भाषांतर झाले आहे. मनुष्यापासून सर्व काही हिरावून घेता आले तरी प्राप्त परिस्थितीस सामोरे कसे जावयाचे, हे ठरविण्याचे त्याचे स्वातंत्र्य शेवटपर्यंत उरते, आणि ज्याला जगण्याचे प्रयोजन सापडते तो दुःख सोसू शकतो, हा त्याचा निष्कर्ष होता.

अमेरिकेत हाच प्रवाह मानवतावादी या नावाने वाहू लागला. अब्राहम मास्लो (1908–1970) याने निरोगी व विकसित व्यक्तींचा अभ्यास केला. रोलो मे (1909–1994) याने 1958 साली युरोपीय अस्तित्ववाद्यांचे लेखन इंग्रजीत आणले. कार्ल रॉजर्स (1902–1987) याने 1957 च्या आपल्या गाजलेल्या निबंधात उपचारकाठायी तीन गुण मागितले: आतबाहेर एक असा सच्चेपणा, समोरच्या माणसाविषयी कोणतीही अट न घालणारा आदर, आणि त्याच्या दुःखाकडे त्याच्याच डोळ्यांनी पाहण्याची शक्ती. उपदेश करणे, निदान सुनावणे, मार्ग दाखविणे यांहून लक्षपूर्वक ऐकणे त्याने श्रेष्ठ मानले. ज्याचे बोलणे कोणीतरी मनापासून ऐकतो त्याला स्वतःचे बोलणेही प्रथमच ऐकू येते, हे रॉजर्सच्या पद्धतीचे मर्म होय. पुढे अर्विन यालोम याने 1980 च्या आपल्या ग्रंथात मृत्यू, स्वातंत्र्य, एकाकीपण आणि अर्थहीनता अशा चार चिंता मनुष्यमात्रास ग्रासतात, अशी मांडणी केली. आपल्या संतांच्या वाचकास यांतील एकही अपरिचित वाटू नये.

या प्रवाहाचा भारताशी प्रत्यक्ष संबंधही आला. मेडार्ड बॉस 1956 व 1958 साली भारतात आला, येथील वैद्यांस व साधुपुरुषांस भेटला, आणि 1959 साली त्या प्रवासावर त्याने ग्रंथ लिहिला. त्याच परंपरेतील एर्ना होख (1919–2003) ही स्विस विदुषी 1956 साली लखनौच्या ‘नूर मंजिल’ मनोरुग्णालयात आली आणि त्यानंतरची कित्येक वर्षे, पुढे काश्मीरमध्येही, तिने भारतीय रुग्णांची सेवा केली. येथे रुग्ण एकटा येत नाही, त्याच्यामागे सारे कुटुंब येते, हे पाश्चात्त्य वैद्यांस नवीन होते. 1973 साली डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी गुरु-शिष्य नाते हा भारतीय मानसोपचाराचा पाया होऊ शकेल काय, याची चर्चा केली. गीतेचा दाखला तर आपल्या अनेक मनोवैद्यांनी दिला आहे, आणि तो यथार्थ आहे. अर्जुनाचा विषाद प्रथम पूर्णपणे बोलू दिला जातो; सर्व उपदेशाच्या अखेरीस भगवान त्याला म्हणतात की, यावर नीट विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर. एवढे सांगून झाल्यावरही निवड अर्जुनाकडेच ठेवली आहे.

येथवर आपण ग्रंथांचा मागोवा घेतला. देवळाच्या ओवरीत प्रत्यक्ष काय घडते, याचीही एक पाहणी झालेली आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील डॉ. रघुराम व त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतील मुथुस्वामी यांच्या समाधिमंदिरात राहावयास आलेल्या 31 रुग्णांचे निरीक्षण केले आणि ते 2002 साली ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध केले. यांतील बहुतेक रुग्णांना तीव्र स्वरूपाचे मनोविकार होते. मुक्कामाच्या काळात त्यांची लक्षणे मोजमापाच्या कोष्टकानुसार सरासरी जवळजवळ 20 टक्क्यांनी उतरली. तेथे कोणताही खास विधी नव्हता. घरचे एक माणूस सोबत राही, सकाळ-संध्याकाळ पूजा होई, रुग्ण झाडलोट करीत, झाडांना पाणी घालीत. धाक नव्हता, आणि आधार होता. अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावरून फार मोठे सिद्धान्त बांधू नयेत. तरीपण ओवरीत जे मिळते त्यातले काही खरोखरच गुणकारी आहे, असे मानण्यास तो आधार देतो.

जामसावळीस येणाऱ्या पीडितालाही यांतील पुष्कळ मिळू शकते. घरी जो ‘वेडा’ ठरलेला असतो तो येथे इतरांसारखाच एक भक्त म्हणून रांगेत बसतो. घरी त्याच्यासाठी कोणाला वेळ नसतो. येथे आई, भाऊ किंवा पत्नी आपला धंदा-शेती सोडून त्याच्याजवळ राहते. दिवसाला आरतीची शिस्त येते. रॉजर्सने ज्याला बिनशर्त आदर म्हटले, त्याची एक छाया देवापुढे आपोआप पडते. कारण देव कोणाला रोगाचे नाव विचारीत नाही.

परंतु जांबवंताच्या उपचाराचा जो गाभा, तो एवढ्याने पुरा होत नाही. आमच्या खेड्यांतून मनाच्या व्याधीस ‘बाहेरची बाधा’ म्हणण्याची रीत आहे. या शब्दाने रुग्णावरचा दोष टळतो, हा त्याचा एक गुण. पण त्याबरोबरच त्याचे बोलणेही त्याचे राहत नाही. तो जे ओरडतो ते भुताचे, तो जे रडतो ते भुताचे! नवऱ्याच्या मारामुळे, नापिकीच्या कर्जामुळे किंवा तान्हे मूल गेल्यामुळे जी वेदना झाली, ती बाधेच्या पडद्याआड झाकली जाते आणि तिच्याविषयी कोणी विचारीतच नाही. जांबवंताने पहिला प्रश्न विचारला होता, तू गप्प का? बाधा म्हणणारा हा प्रश्न विचारीत नाही. मेस्मरचा अदृश्य प्रवाह फारियाने नाकारला तो याच कारणासाठी की, त्या कल्पनेत समोरचा मनुष्य नाहीसा होतो.

पीडितास माणूस मानणे सुटले की कोठवर जाता येते, याचे उदाहरण भयंकर आहे. तमिळनाडूतील एरवाडी या दर्ग्याच्या गावी, रुग्णांना ठेवून घेणाऱ्या एका खासगी आश्रयगृहाच्या छपरास 6 ऑगस्ट 2001 रोजी पहाटे आग लागली. आतील रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. या आगीने 28 जणांचा बळी घेतला. श्रद्धेचे स्थान हिंदूंचे असो वा मुसलमानांचे, हा धडा सर्वांस सारखाच लागू आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो 2018 च्या मे महिन्यात अमलात आला, मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास बंदी केली असून शासकीय सेवेत उपचार मिळणे हा त्याचा हक्क ठरविला आहे.

आणखी एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अस्तित्ववादी असो वा मानवतावादी, कोणताही संवाद तीव्र मनोविकारात औषधाची जागा घेऊ शकत नाही. 1952 पासून क्लोरप्रोमाझीन व त्यानंतरची औषधे आली आणि ज्यांचे आयुष्य चार भिंतींत गेले असते असे असंख्य लोक घरी परतले. नागपुरास 1864 पासूनचे मनोरुग्णालय आहे, आणि पांढुर्णा-सौसरच्या लोकांस ते काही सातासमुद्रापलीकडचे नाही. तीर्थ घेतले म्हणून गोळी बंद करणे, हा देवाच्या नावावर केलेला अन्याय होय. हनुमंतानेही लक्ष्मणासाठी औषधीच आणली होती. केवळ स्तोत्र म्हटले नव्हते.

मग देवस्थानांकडून अपेक्षा ती कोणती? जामसावळीसारख्या ठिकाणी विस्ताराची मोठी कामे होत आहेत. मंडप, मार्ग, निवास बांधले जातील, आणि ते इष्टच आहे. त्यांत एक लहानशी खोली अशी असावी की जेथे पीडिताला व त्याच्या माणसांना कोणीतरी शांतपणे ऐकून घेईल. तो ऐकणारा प्रशिक्षित असावा, आणि गरज ओळखून रुग्णास वैद्याकडे पाठविणारा असावा. त्याने मराठीत ऐकावे, याचा आम्ही विशेष आग्रह धरू. ज्या भागात अर्ज हिंदीत लिहावा लागतो, तेथेही दुःख सांगावयाचे ते आईच्याच भाषेत. फारियाची जीभ पोर्तुगीजने सोडविली नाही, ती कोकणीने सोडविली. शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीसेवा 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक देवळाच्या फलकावर आरतीच्या वेळापत्रकाशेजारी लिहिण्यास काहीच खर्च येत नाही.

देवस्थानांचा मोठेपणा आजवर आपण कळसाच्या उंचीवरून आणि यात्रेच्या गर्दीवरून मोजत आलो. त्या गर्दीत एका बाजूस मुका बसलेला कोण आहे, हे पाहणारा एखादा जांबवंत प्रत्येक देवळात असावा, एवढेच आम्ही आमच्या वाचकांपुढे ठेवू इच्छितो. बळ देण्यास मारुती समर्थ आहे. आठवण करून देण्याचे काम मात्र रामायणातही एका वृद्ध सोबत्यालाच करावे लागले होते.